काळी बिअर, माडी आणि आंबोळी : किण्वनाचा पाठ शिकवताना



सूक्ष्मजीवांच्या पाठात 'किण्वन' हा शब्द येतो. व्याख्या फळ्यावर लिहिली, मुलांनी वहीत उतरवून घेतली, की पाठ संपला असं आपल्याला वाटतं. पण आमच्या अंजनवेलसारख्या खाडीकाठच्या गावात हा पाठ तसा संपत नाही. इथे घरोघरी आंबोळीचं पीठ आंबतं, माडाला मडकं लटकलेलं मुलांनी पाहिलेलं असतं, आणि बऱ्याच घरांतला कोणीतरी बोटीवर नोकरीला असतो. अशाच एका मुलाने विचारलं, "बाई, मामा सांगत होता, तिकडे बिअर घरीच करतात. डब्यात सामान मिळतं. आणि ती कोळशासारखी काळी असते. खरं का?"

आता वर्गात दारूचा विषय निघाला की आपण "गप्प बस" म्हणतो. माझं मत वेगळं आहे. मुलाने प्रश्न विज्ञानाचा विचारला असेल तर उत्तर विज्ञानाचंच द्यावं, आणि त्याच तासाला कायदा आणि धोकाही सांगून टाकावा. लपवलेली गोष्ट मुलं दुसरीकडून शिकतातच, आणि तिथे शिकवणारा कोण असेल ते आपल्या हातात नसतं.

तर ती काळी बिअर म्हणजे 'स्टाउट'. सुरुवात करायची ती आपल्या नाचणीपासून. नाचणीचं सत्व करताना आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो, दळतो. मोड आलेलं धान्य किंचित गोड लागतं. का? दाण्यात साठवलेला स्टार्च कोंबाला तसाच वापरता येत नाही, म्हणून दाणा अमायलेज नावाचं विकर तयार करतो आणि ते स्टार्चची साखर करतं. सातूच्या जातीच्या धान्याला, म्हणजे बार्लीला, असेच मोड आणून वाळवलं की त्याला 'माल्ट' म्हणतात. बहुतेक माल्ट फिकटच ठेवतात. थोडासा भाग मात्र कॉफीच्या बियांसारखा २०० अंशांच्या वर भाजतात. काळा रंग आणि कडवट चव त्या थोड्याशा भाजक्या दाण्यांची. हे भाजण्याचं फिरतं पिंप इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर याने १८१७ साली पेटंट केलं.

परदेशात मिळणाऱ्या डब्यात हे सगळं आधीच केलेलं असतं. त्यात काकवीसारखा दाट माल्टचा अर्क असतो, साधारण दीड किलो, आणि यीस्टची पुडी. कडूपणासाठी 'हॉप' नावाच्या वेलीची फुलंही अर्कात उतरवलेली असतात. (ही वेल भांगेच्याच कुळातली, हे ऐकून मुलं हसतात.) साखर आणि पाणी घालून २३ लिटर करायचं, १८ ते २२ अंशांत झाकून ठेवायचं. झाकणाला पाणी भरलेली वाकडी नळी असते. आतला वायू बुडबुडे काढत बाहेर जातो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत बुडबुडे थांबतात.

इथे मुलांना विचारा: हे आपल्याकडे एप्रिलमध्ये केलं तर? पारा तिशीच्या पुढे. यीस्ट घाईने काम करेल, पण नको त्या वासाचे पदार्थही तयार करेल. हाच प्रश्न आंबोळीच्या पिठावर फिरवा. उन्हाळ्यात पीठ रात्रीत फसफसतं, थंडीत आजी भांडं चुलीजवळ का ठेवते? उत्तर मुलंच देतात.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. अनेक नोट्समध्ये 'इडलीचं पीठ यीस्टमुळे फुगतं' असं सरसकट लिहिलेलं असतं. तांदूळ-उडदाच्या पिठात मुख्य काम जिवाणूंचं असतं. ते आम्लही करतात आणि वायूही, म्हणून पीठ आंबट होतं आणि फुगतंही. दही तर निव्वळ जिवाणूंचं काम. पाव आणि बिअर यीस्टची. किण्वन एकच नाही, हे मुलांच्या लक्षात आलं तर पाठ झाला असं समजा.

माडीत तर दोघंही असतात. माडाची पोय कापून थेंब थेंब रस मडक्यात जमवतात. हा ताजा गोड रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर रस बराच वेळ गोड राहतो, कारण चुन्याच्या अल्कधर्मी रसात सूक्ष्मजीवांना वाढता येत नाही. चुना नसेल तर काही तासांत माडी, आणि पुढे ठेवली तर शिरका. गोव्यात पाववाले पूर्वी पीठ फुगवायला हीच माडी वापरत, तिथे तिला 'सूर' म्हणतात. म्हणजे एकाच मडक्यात साखर, अल्कोहोल, आम्ल असा सगळा धडा.

प्रयोग अगदी सोपा आहे. तीन बाटल्यांत प्रत्येकी २०० मिली पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा कोरडं यीस्ट. एकात थंड पाणी, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात उकळतं. तोंडाला फुगे लावा. अर्ध्या-पाऊण तासात कोमट बाटलीचा फुगा उभा राहू लागतो, थंडीचा मागे राहतो, उकळत्या पाण्यातला तसाच लोंबत राहतो कारण यीस्ट मेलं. जमलेला वायू चुन्याच्या निवळीतून सोडला की ती दुधाळ होते. बूच घट्ट लावून बाटली कधीच बंद करू नका, वायूच्या दाबाने काच फुटते. आणि प्रयोग झाला की द्रावण मोरीत ओतायचं, चाखायचं नाही.

गणिताच्या तासालाही हे उपयोगी पडतं. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. बेरीज करून बघा म्हणावं. बिअर करणारे द्रवाची घनता मोजतात. सुरुवातीला १.०४५, शेवटी १.०१२ आली, तर फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलचं शेकडा प्रमाण कळतं. दशांश अपूर्णांकांचं असं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही.

वरच्या वर्गातल्या मुलांना थोडा इतिहास सांगते. लुई पाश्चर यांनी १८५७ पासून किण्वनामागे जिवंत सूक्ष्मजीव असतात हे दाखवलं. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाटून, जिवंत पेशी नसलेल्या रसानेही किण्वन करून दाखवलं, त्यांना १९०७ चं नोबेल मिळालं. आणि आपण लिटमस शिकवताना जो पीएच म्हणतो, तो सोरेनसन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मांडला. हे ऐकून मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

आता कायदा. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठीचा परवाना १९६३ साली रद्द झाला. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, मग ती डब्यातली असो की घरामागची. तो डबा मामाने आणला तरी इथे उघडून चालणार नाही, हे त्या मुलाला मी स्पष्ट सांगितलं.

धोक्याबद्दल बोलताना मी २०१५ सालच्या मुंबईतल्या मालवणीचं उदाहरण देते. तिथे विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ते विष किण्वनाचं नव्हतं. दारूत मिथेनॉल मिसळलेलं होतं, आणि वासाने किंवा चवीने ते ओळखता येत नाही. त्यामुळे बनवणारा ओळखीचा आहे, या भरवशाला काही अर्थ नाही. 'काळी बिअर अंगाला चांगली' अशी जाहिरात आयर्लंडच्या गिनेस कंपनीने १९२९ पासून केली होती. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना विचारा, कोणतं वाक्य कोणी लिहिलं आणि का.

या प्रश्नावर आमच्या वर्गात तास संपेपर्यंत चर्चा चालली. मग एकीने विचारलं, "बाई, मग माडी नैसर्गिक म्हणतात ती?" मडक्यातल्या सूक्ष्मजीवाने केलेलं अल्कोहोल आणि पिंपातल्या सूक्ष्मजीवाने केलेलं अल्कोहोल, रेणू तोच. हे मात्र मी सांगितलं नाही. प्रयोगाच्या वहीत तिनेच शोधून लिहिलं.