गर्भ राहिला, आता आईला सांभाळा

मुलासाठी तळमळणाऱ्या राहेलची गोष्ट आपण शब्बाथशाळेत शिकवतो. योसेफ झाला तिथवर आपण आनंदाने सांगतो. पण पुढे बन्यामिनाच्या वेळी, एफ्राथच्या वाटेवर, ती बाळंतपणातच मरण पावली, हे पुष्कळदा गाळतो. गर्भ राहण्याची चिंता संपली म्हणजे आईची चिंता संपली असे नव्हे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा ते मोठे नवल वाटले. आज बेळगाव, इंदूर, बडोदे येथेही हे उपचार मिळतात, आणि आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांत त्यामुळे पाळणा हलला आहे. अशी बहुतेक गर्भारपणे सुखरूप पार पडतात, हे प्रथम सांगितले पाहिजे. तरी काही धोके नेहमीपेक्षा अधिक असतात.

धोका का वाढतो?

१. उपचार घेणाऱ्या भगिनीचे वय बहुधा जास्त असते. काहींना आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा बीजकोशाचा विकार असतो.

२. एकापेक्षा अधिक गर्भ गर्भाशयात सोडल्यास जुळे किंवा तिळे राहण्याचा संभव असतो. जुळे म्हणजे दुप्पट आनंद असे आपण म्हणतो; पण आईच्या हृदयावर, रक्तावर व रक्तदाबावर त्याचा भार पडतो. म्हणून शक्य तेथे एकच गर्भ सोडावा, असा आज तज्ज्ञांचा कल आहे.

३. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेतले असल्यास, तसेच गोठवून ठेवलेला गर्भ वापरल्यास, रक्तदाबाचा विकार अधिक आढळतो.

कोणते धोके?

सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ नळीतच राहू शकतो. ओटीपोटात एका बाजूला कळ, अंगावरून रक्त जाणे किंवा घेरी येणे ही त्याची चिन्हे आहेत. बीज वाढवण्याच्या इंजेक्शनांनी कधी कधी पोट फुगते, उलट्या होतात, लघवी कमी होते व धाप लागते. दोन्ही प्रसंगी उशीर करू नये.

सर्वांत जपावे ते रक्तदाबाला. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीत प्रथिने आढळली, तर ते धोक्याचे लक्षण होय. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज, ही चिन्हे दिसताच रुग्णालय गाठावे. दुर्लक्ष झाल्यास झटके येऊन आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. हा विकार बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. ज्यांना धोका अधिक, त्यांना डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात. ते आपल्या मनाने मात्र घेऊ नये.

याशिवाय गर्भारपणातील मधुमेह, वार खाली असणे आणि बाळंतपणानंतर अति रक्तस्राव यांचाही संभव वाढतो. म्हणून साखरेची तपासणी व सोनोग्राफी वेळेवर करावी, आणि बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात व्हावे.

लपवू नका

आपल्याकडे मोठी अडचण वेगळीच आहे. उपचार शहरात होतो आणि सून सातव्या महिन्यात माहेरी जाते. "लोक काय म्हणतील?" या भीतीने तेथल्या डॉक्टरांना काहीच सांगितले जात नाही. मग हे साधे गर्भारपण समजून ते नेहमीचीच तपासणी करतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. पण डॉक्टरांपासून लपवणे म्हणजे आईचा जीव टांगणीला लावणे आहे. उपचाराचे सर्व कागद तिच्याबरोबर द्यावेत.

आणि एवढ्या वर्षांनी दिवस गेले, आता कुरकूर कशाला, असे तिला कोणी म्हणू नये. अशा बोलण्याने ती आपले दुखणे गिळते. डोके दुखते असे तिने म्हटले, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. ताबडतोब रुग्णालयात नेण्याची कोणती चिन्हे आपल्या लक्षात राहिली?

२. उपचाराची गोष्ट डॉक्टरांपासून का लपवली जाते? ती भीती घालवण्यास महिला मंडळ काय करू शकेल?

३. आपल्या गावापासून रक्ताची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते? रात्री तेथे नेण्यास वाहन कोण देईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच लिहून ठेवा.