पावलांचे चिलखत

प्रस्तावना

नांगराचा फाळ, गवंड्याची थापी, सुताराचा रंधा यांना आपण कामाची साधने म्हणतो. परंतु दिवसभर उभ्याने राबणाऱ्या माणसाचे पहिले साधन त्याच्या पायांत असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हातातले अवजार बिघडले तर एखादे काम थांबते. पाऊल जायबंदी झाले तर सगळीच कामे थांबतात आणि त्याबरोबर मजुरीही थांबते. शेतात, खाणीत, जंगलात, बांधकामावर किंवा डोंगरवाटांवर वापरले जाणारे कातडी बूट कसे घडतात, ते टिकतात कशामुळे आणि ते घडवणाऱ्या हातांचे आपल्यावर कोणते ऋण आहे, याचा परिचय या पाठात करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
- कच्च्या कातड्यापासून टिकाऊ चामडे कसे तयार होते ते सांगू शकाल;
- बुटाच्या रचनेतील प्रमुख भाग व त्यांचे कार्य स्पष्ट करू शकाल;
- कामाच्या स्वरूपानुसार योग्य पादत्राण निवडू शकाल व त्याची निगा राखू शकाल;
- पादत्राणांशी संबंधित म्हणी व वाक्प्रचारांचा अर्थ समजून घेऊ शकाल.

मूळ पाठ

वहाणेकडून बुटाकडे

आपल्या देशाचे हवामान बहुतांशी उष्ण आहे. अशा हवेत पायाला वारा लागेल अशी उघडी वहाणच सोयीची. म्हणूनच महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमाभागात कोल्हापुरी वहाणेसारखे दणकट पादत्राण विकसित झाले. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्काने कमावलेले जाड चामडे, हाताने घातलेली चामड्याचीच शिवण आणि खिळ्यावाचून केलेली जोडणी ही तिची वैशिष्ट्ये. २०१९ साली या वहाणेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे.

बंद बुटाची गरज मात्र वेगळ्या कारणांनी निर्माण झाली. सैन्य, रेल्वे, खाणी आणि कारखाने यांच्या वाढीबरोबर पाऊल पूर्णपणे झाकणाऱ्या पादत्राणाची मागणी वाढली. १८५७ नंतर ब्रिटिश सैन्याला खोगिरे, पट्टे आणि बूट मोठ्या संख्येने हवे होते. त्यासाठी १८६०च्या दशकात कानपूर येथे सरकारी कारखाना उभा राहिला आणि हे शहर चर्मोद्योगाचे मोठे केंद्र बनले. पुढे आग्रा, कोलकाता आणि तमिळनाडूतील राणीपेट, आंबूर व वाणियंबाडी ही ठिकाणेही या व्यवसायासाठी प्रसिद्ध झाली. १९४८ मध्ये चेन्नई येथे केंद्रीय चर्म संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि परंपरेने चालत आलेल्या या कौशल्याला विज्ञानाची जोड मिळाली.

कातड्याचे चामडे होते

जनावराचे कच्चे कातडे तसेच ठेवले तर कुजते. वाळवले तर पत्र्यासारखे कडक होते. त्याला टिकाऊपणा आणि लवचिकपणा देण्याच्या क्रियेला ‘कातडे कमावणे’ असे म्हणतात. कातड्यात तंतुमय प्रथिनांचे घट्ट जाळे असते. कमावताना वापरलेली द्रव्ये या तंतूंना बांधून ठेवतात; त्यामुळे जिवाणूंना ते सहजासहजी कुजवता येत नाहीत.

कमावण्याच्या दोन पद्धती मुख्य आहेत. पहिली वनस्पतिजन्य. या पद्धतीत बाभळीची साल, हिरडा किंवा दक्षिणेत तरवडाची साल यांच्या अर्कात कातडे दीर्घकाळ मुरवतात. हे चामडे जाड व भरीव असते आणि वापरता वापरता पायाचा आकार घेते. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. या पद्धतीने काम थोड्या वेळात होते आणि चामडे मऊ, उष्णता व पाणी अधिक सोसणारे होते. आज बुटाच्या वरच्या भागासाठी बहुधा हेच चामडे वापरतात. मात्र तिची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. क्रोमियम असलेले सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तर नद्या आणि भूजल दूषित होतात. कानपूरजवळ गंगेला आणि राणीपेटच्या परिसराला याचा कटू अनुभव आलेला आहे.

सगळे चामडे सारख्या बळाचेही नसते. कातड्याच्या वरच्या थरात तंतूंची वीण सर्वांत दाट असते; खालचा थर सैल असतो. हा खालचा थर वेगळा काढून त्यावर प्लॅस्टिकचा लेप दिला की तो दिसायला उत्तम चामड्यासारखाच दिसतो, परंतु वारंवार दुमडल्यावर लेप सोलवटतो. म्हणून बूट घेताना केवळ चकाकी पाहू नये. चामड्याची कापलेली कड जेथे उघडी असेल तेथे तंतू आणि जाडी पाहावी.

शिवणीत दडलेले आयुष्य

बुटाचे मुख्य भाग तीन : पाऊल झाकणारा वरचा भाग, पाऊल ज्यावर टेकते तो आतला तळ आणि जमिनीला भिडणारा बाहेरचा तळ. वरचा भाग पायाच्या आकाराच्या साच्यावर ताणून बसवतात आणि मग तळाशी जोडतात. बुटाचे आयुष्य ठरते ते या जोडणीत.

स्वस्त बुटांत बाहेरचा तळ बहुधा केवळ चिकटवलेला असतो. अशा बुटाचा तळ झिजला की बराचसा शाबूत असलेला वरचा भागही टाकून द्यावा लागतो. चांगल्या कामाच्या बुटात आतला तळ आणि वरचा भाग यांना कातड्याची एक अरुंद पट्टी शिवतात आणि त्या पट्टीला बाहेरचा तळ दुसऱ्या शिवणीने जोडतात. त्यामुळे तळ झिजल्यावर दुसरी शिवण उसवून नवा तळ बसवता येतो. बुटाचा मूळ देह सुरक्षित राहतो. पूर्वी हे काम हातानेच होत असे. अमेरिकेत १८७०च्या सुमारास ते यंत्राने होऊ लागले. या यंत्राशी चार्ल्स गुडइयर ज्युनिअर यांचे नाव जोडले गेले आहे. १८३९ मध्ये रबराला गंधकाने टिकाऊ करण्याची रीत शोधणारे चार्ल्स गुडइयर हे त्यांचे वडील. वडिलांनी टिकाऊ केलेले रबर पुढे बुटाच्या तळाला लागले आणि मुलाच्या नावाच्या यंत्राने बुटाचे तळ जोडले गेले.

एका दुर्घटनेतून आलेला तळ

पूर्वी गिर्यारोहक बुटाच्या चामडी तळाला लोखंडी खिळे ठोकत. असे बूट जड असत आणि थंडीत लोखंडामुळे पाय गारठत. म्हणून कातळकडा चढताना ते खाली ठेवून हलके, पातळ तळाचे जोडे घालण्याची पद्धत होती. १९३५ मध्ये आल्प्स पर्वतातील पुंता रासिका या शिखरावर गेलेल्या इटालियन गिर्यारोहकांना वादळाने गाठले. पायांत हलके जोडे, सभोवती बर्फ आणि झोंबणारा वारा. परतीची वाट कठीण झाली आणि त्यांच्यातील सहा जण मृत्युमुखी पडले.

विताले ब्रामानी हे त्या मोहिमेत होते. कातळावर पकड घेणारा, बर्फात चालणारा आणि पाय गारठू न देणारा एकच तळ असावा, या ध्यासाने त्यांनी रबराचा खोल खाचांचा तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच्या नक्षीला ‘रणगाडा’ या अर्थाचे इटालियन नाव मिळाले. ब्रामानी यांच्या नावातील आद्याक्षरांवरून ‘व्हिब्रम’ हे नाव रूढ झाले. ३१ जुलै १९५४ रोजी ८,६११ मीटर उंचीचे के-२ शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना असेच तळ होते. आज डोंगर चढणाऱ्या आणि बांधकामावर राबणाऱ्या अनेकांच्या बुटाखाली जी खाचांची नक्षी दिसते, तिच्यामागे सहा मित्रांच्या मृत्यूचे दुःख आहे.

काम तसे पादत्राण

एकच बूट सर्व कामांना पुरत नाही. जेथे जड वस्तू पायावर पडण्याचे भय असते, तेथे बोटांवर पोलादी टोपी असलेले सुरक्षा-बूट हवेत. भारतीय मानकानुसार अशा टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. म्हणजे सुमारे २० किलोग्रॅमचे वजन एक मीटर उंचीवरून पडल्यासारखा आघात. डोंगरवाटांवर घोट्याला आधार देणारा, खोल खाचांचा बूट उपयोगी पडतो. भातखाचरात किंवा सतत साचलेल्या पाण्यात मात्र चामडे कुजते. तेथे रबरी गमबूटच योग्य.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक धोका मोठा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक दगावले. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांत झाले. दंश बहुधा पायालाच होतो. घोट्याच्या वर जाणारा जाड बूट आणि रात्री हातात विजेरी या दोन साध्या गोष्टी असे अनेक दंश टाळू शकतात.

निगा आणि ऋण

बूट शक्यतो संध्याकाळी घ्यावेत. दिवसभराच्या श्रमाने पाऊल किंचित सुजलेले असते आणि खरे माप तेव्हाच कळते. कामावर जे मोजे घालता तेच घालून पाहावे. पुढे बोटांना हलायला जागा हवी, टाच मात्र वर-खाली होता कामा नये. नवे बूट आधी थोडा वेळ घालून पायाला सरावू द्यावेत. पहिल्याच दिवशी लांबचा पल्ला गाठू नये.

भिजलेले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात कधीही वाळवू नयेत. तीव्र उष्णतेने चामड्यातील तंतू आकसतात आणि त्यावर भेगा पडतात. चिखल पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, ते सावलीत वाऱ्यावर ठेवावेत. वाळल्यावर मेण किंवा चामड्यासाठीचे तेल हलक्या हाताने चोळावे. चामडे घाम शोषून घेते आणि तो सुकायला अवधी लागतो. म्हणून शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत. शिवण एक टाका उसवली की लगेच दुरुस्त करावी.

ती दुरुस्त करणारा कारागीर बहुधा रस्त्याच्या कडेला, छत्रीच्या सावलीत बसलेला असतो. आरी, रापी आणि दोरा एवढ्याच भांडवलावर तो आपली पावले पुन्हा वाटेला लावतो. तरीही ‘पायातली वहाण पायातच बरी’ अशी म्हण आपल्या समाजाने केली आणि वहाणेबरोबर वहाण घडवणाऱ्यालाही पायरीखाली बसवले. कातडे कमावण्याचे दुर्गंधीचे, कष्टाचे काम पिढ्यान्‌पिढ्या काही जातींवर लादले आणि त्याच कामासाठी त्यांना अस्पृश्य ठरवले. संत रोहिदासांनी चर्मकाराचा व्यवसाय करीतच भक्तीचा आणि समतेचा विचार मांडला; श्रम माणसाला हीन करीत नाही, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले. ज्या हातांनी सैनिकाला, शेतकऱ्याला आणि मजुराला पायांवर उभे ठेवले, त्या हातांना मान आणि योग्य मोबदला देणे हे उपकार नव्हेत. ती ऋणाची फेड आहे.

शब्दार्थ

चिलखत – अंगाचे रक्षण करणारे कवच
जायबंदी – जखमी होऊन निकामी झालेला
कमावणे – (येथे) कातड्यावर प्रक्रिया करून ते टिकाऊ करणे
आरी – चामड्याला भोक पाडण्याचे टोकदार हत्यार
रापी – चामडे कापण्याचे व तासण्याचे हत्यार
मोबदला – कामाबद्दल मिळणारा पैसा

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा : केंद्रीय चर्म संशोधन संस्था कोठे आहे?
(अ) कानपूर (आ) चेन्नई (इ) आग्रा (ई) कोलकाता

२. रिकाम्या जागा भरा :
(अ) भातखाचरात ________ बूट योग्य ठरतात.
(आ) विताले ब्रामानी यांनी ________ साली रबरी तळाचे पेटंट घेतले.

३. चूक की बरोबर ते लिहा : भिजलेले बूट चुलीजवळ वाळवल्यास अधिक टिकतात.

भाषाभ्यास

पादत्राणे आणि पाय यांवरून मराठीत अनेक वाक्प्रचार आले आहेत. उदा., ‘जोडे झिजवणे’ म्हणजे एखाद्या कामासाठी पुन्हा पुन्हा खेपा घालणे. ‘पायाला भिंगरी असणे’ म्हणजे सतत भटकत राहणे. ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ म्हणजे स्वावलंबी होणे. या तिन्ही वाक्प्रचारांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.

स्वाध्याय

१. शिवलेला तळ आणि चिकटवलेला तळ यांतील फरक स्पष्ट करा.
२. क्रोमियमने कातडे कमावण्याचे लाभ व धोके लिहा.
३. ‘पायातली वहाण पायातच बरी’ या म्हणीमागील दृष्टिकोन तुम्हाला पटतो का? आठ-दहा ओळींत आपले मत मांडा.
४. तुमच्या परिसरातील पादत्राणे दुरुस्त करणाऱ्या कारागिराची भेट घ्या. त्यांची हत्यारे, कामाचे तास आणि अडचणी यांविषयी त्यांच्याशी बोलून माहिती लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) चेन्नई
२. (अ) रबरी (आ) १९३७
३. चूक