तलावांच्या मुलखात जलसुरक्षेचा पाठ

पवित्र कुरआनने मनुष्याला भूतलावरील खलीफा, म्हणजे प्रतिनिधी, म्हटले आहे (2:30). प्रतिनिधीच्या हाती मालकी नसते, अमानत असते. आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. हे आपण मुलांना मक्तबमध्ये शिकवितो. तीच मुले शाळेत ‘परिसर अभ्यास’ वाचतात, पुढे नववी-दहावीत ‘जलसुरक्षा’ शिकतात. हे दोन पाठ मुळात एकच आहेत, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकविण्याचा निर्देश दिला. त्यानंतर पुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या. पण ‘जलसुरक्षा’ पडला श्रेणीचा विषय. गणित-विज्ञानासाठी शिकवणी लावणारे आपण पालक या वहीकडे ढुंकूनही पाहत नाही. बाजारात मिळणारी चित्रे चिकटवून प्रकल्प पूर्ण होतो आणि मुलाला श्रेणीही मिळते.

साकोलीच्या मुलाला चित्रे विकत आणण्याची गरजच काय? भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाच्या जाणत्या पूर्वजांनी उतार पाहून पाळी घातल्या, एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जाईल अशा साखळ्या बांधल्या आणि या भागातील धानशेती उभी केली. मालगुजारी गेल्यावर, 1951 नंतर, हे तलाव शासनाकडे आले. पूर्वी गाळ काढणे, पाळ सांभाळणे, पाणी वाटून देणे ही गावाची कामे होती. पुढे ती कोणाचीच उरली नाहीत. गाळ साचला, बेशरम माजली, कित्येक ठिकाणी पाणी ओसरलेल्या पात्रात बांध पडले. जलसुरक्षा म्हणजे काय आणि ती कशी हरवते, हे समजण्यासाठी यापरते दुसरे पुस्तक नको.

वरच्या शेताने किती पाणी घ्यावे आणि खालच्याला केव्हा सोडावे, हा तंटा मदीनेतही उद्भवला होता. सहीह बुखारीत तो प्रसंग आहे. ह. जुबैर (रजि.) यांची खजुरीची बाग वरच्या अंगाला होती, एका अन्सारी गृहस्थाने पाणी पुढे सोडण्याची मागणी केली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रथम सामोपचाराचा मार्ग दाखविला, की जुबैर यांनी बागेला पाणी द्यावे व लगेच शेजाऱ्याकडे सोडावे. तो गृहस्थ रागावला आणि, जुबैर आपल्या आत्याचे पुत्र म्हणून असा निवाडा, असे बोलून गेला. तेव्हा प्रेषितांनी (स.) ह. जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला. मदीनेच्या महजूर ओढ्याविषयीचा निवाडाही हदीसग्रंथांत आहे: पाणी घोट्यापर्यंत चढले की वरच्याने ते खालच्यासाठी सोडावे. हक्काला माप असते, आणि ते माप भरले की पुढचा हक्क शेजाऱ्याचा सुरू होतो. हा निवाडा आपण सीरतच्या जलशांत क्वचितच ऐकतो. धानाच्या मुलखात तो पुनःपुन्हा सांगितला गेला पाहिजे.

साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. नदीचे पाणी वाहते. तलावाचे तिथेच राहते, त्यात गुरे उतरतात, मासे वाढतात, माणसे आंघोळ करतात. तलावकाठी राहणाऱ्यांना या मनाईचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

आता आपल्या घराकडे वळू. ह. अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. फिक्हच्या मतभेदांनुसार माप कमी-अधिक धरले तरी ते एका लिटरच्या फार पुढे जात नाही. आपल्या वुजूखान्यातील नळाखाली बादली ठेवून पाहावी; मसह होईपर्यंत ती किती भरते, हे पाहणाऱ्याला खजील करणारे आहे. कूपनलिकेचे पाणी फुकट आहे, हे उत्तर चालणार नाही, कारण उधळपट्टीची निंदा करताना कुरआनने (7:31) वस्तूची किंमत विचारलेली नाही.

आणि इथेच खरी अडचण आहे. शाळेत शिकून आलेले मूल वुजू करणाऱ्या वडीलधाऱ्यास म्हणते, ‘नळ बंद करा ना!’ आपण त्याला बेअदबी म्हणून गप्प करतो. त्या दिवशी मूल दोन गोष्टी शिकते: शाळेतले परीक्षेपुरते असते, आणि दीनमध्ये पाण्याला जागा नाही. यातली दुसरी गोष्ट तर सरळ खोटी आहे आणि ती शिकविणारे आपणच असतो.

मक्तबच्या उस्तादांना आमची विनंती आहे की, मुलांना वुजू शिकविताना लिटरभराचा एक लोटा हाती द्यावा आणि तेवढ्यात वुजू पूर्ण करून घ्यावी. सुटीच्या दिवशी त्यांना जवळच्या तलावावर न्यावे. सांडवा कोठे आहे, पाणी कोणाच्या शेतात जाते, गाळ किती चढला आहे, हे तेथील शेतकऱ्यांना व मासेमारांना विचारून त्यांनी शाळेच्या त्याच वहीत लिहावे. शिक्षकांनी विचारले की माहिती कोठून मिळाली, तर तलावाचे नाव सांगावे.