वाट मोकळी करणारा वीर

शौर्य म्हणजे काय, असें कोणी विचारिलें तर पुष्कळ जण उत्तर देतील, "रणांत शत्रूस मारणें." हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. कसें, तें ह्या धड्यांत पाहूं.

परमवीर चक्र हें रणांगणावरील पराक्रमाबद्दल भारतीय सैनिकांस मिळणारें सर्वांत श्रेष्ठ पदक होय. तें २६ जानेवारी १९५० रोजीं स्थापन झालें व १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमास लागू करण्यांत आलें. तें सोन्याचें नाहीं, रुप्याचेंही नाहीं, कांशाचें आहे. मध्यें राजमुद्रा, भोंवतीं इंद्राचीं चार वज्रें व फीत जांभळी. त्याची आकृति सावित्रीबाई खानोलकर ह्यांनीं काढिली. १९९९ पर्यंत तें २१ जणांस देण्यांत आलें, व त्यांपैकीं १४ जणांस मरणोत्तर. ह्यावरून त्याची किंमत धातूंत नाहीं, हें उघड आहे.

त्या २१ जणांत मूळचे कारवारकडील रामा राघोबा राणे हे एक होते. १९४० सालीं ते साधे शिपाई म्हणून सैन्यांत शिरले, व १९४८ सालीं सेकंड लेफ्टनंट होते. त्यांचें काम सुरुंग काढण्याचें व रस्ता मोकळा करण्याचें.

राजौरी शहर नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यांत होतें. नौशेराहून तिकडे जाणारा डोंगरी रस्ता शत्रूनें सुरुंग पेरून व झाडें आडवीं पाडून बंद केला होता. रस्ता उघडल्यावांचून रणगाडे पुढें जाईनात. ८ एप्रिल १९४८ रोजीं काम सुरू होणार तोंच उखळी तोफांचे गोळे पडूं लागले. राण्यांच्या तुकडींतील दोघे ठार झाले व स्वतः राणे धरून पांच जण जखमी झाले. तरी त्यांनीं उरलेल्यांस लागलीच एकत्र केलें व कामास हात घातला. त्या रात्रीं ते दहा वाजेपर्यंत खपत होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहाला पुन्हां आरंभ. पुढें चिडाचीं आडवीं झाडें, मोडलेली मोरी, पुन्हां झाडें व सुरुंग, आणि वरून मशीनगनचा मारा. तिसऱ्या दिवशीं पहांटे पावणेपांचाला काम सुरू झालें, तें अन्न व विश्रांति ह्यांवांचून रात्रीं नऊपर्यंत चाललें. चौथ्या दिवशीं चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, व १२ एप्रिल रोजीं सैन्य राजौरीस पोहोंचलें.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्या. राण्यांच्या मानपत्रांत त्यांनीं शत्रूचे किती लोक मारिले, ह्याचा हिशेब नाहीं. त्यांत तासांचा हिशेब आहे: किती वाजतां कामास लागले, किती वाजतां थांबले. क्षणाच्या आवेशांत पुढें धांवणें हें शौर्य खरें. परंतु अंगावर जखम असतां, गोळ्या सुटत असतां, चार दिवस एकेक सुरुंग शांत हातानें काढणें हें शौर्य तितकेंच थोर आहे. राष्ट्रानें दोहोंस एकच पदक दिलें. राणे पुढें मेजर झाले व १९९४ सालीं वारले. ज्या वाटेनें दुसरे विजयास गेले, ती वाट त्यांनीं केली.

विचारार्थ प्रश्न

१. राणे जखमी झाल्यावर मागें फिरले असते, तर कोणाचें नुकसान झालें असतें?
२. धातु हलका असून पदक मोलाचें कां?
३. आपल्या गांवांत दुसऱ्यांची वाट मोकळी करणारे, पण ज्यांचें नांव कोणी घेत नाहीं, असे कोण आहेत?