चित्रपटाचे रसग्रहण : पुण्याच्या उन्हाळी वर्गाची पद्धत

मराठीच्या तासाला आपण कवितेचे रसग्रहण करतो तेव्हा कविता समोर छापलेली असते. शब्द अडला तर मागे जाऊन पुन्हा वाचता येतो. चित्रपट मात्र पडद्यावरून सरकून जातो आणि आपल्या हाती कथानक, दोन-चार गाणी व ‘आवडला’ किंवा ‘कंटाळा आला’ एवढेच उरते. या तुटपुंज्या भांडवलावर आपण जे बोलतो त्याला विश्लेषण म्हणणे कठीण आहे.

ही उणीव भरून काढण्याचा भक्कम प्रयत्न पुण्यात झाला. 1960 मध्ये जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि या दोन संस्थांच्या सहकार्यातून चित्रपट-रसग्रहणाचा चार आठवड्यांचा उन्हाळी वर्ग उभा राहिला. शिकवायला प्रा. सतीश बहादूर होते. चित्रपटांच्या प्रती जिवापाड जपणारे पी. के. नायर संग्रहालयात होते. प्राध्यापक, पत्रकार, फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते अशी मंडळी तेथे एकत्र येत. मुक्कामाचाही यात मोठा वाटा असे. सकाळी वर्गात ऐकलेले संध्याकाळी पडद्यावर दिसते, रात्री जेवताना त्यावर वाद होतो, आणि वाद मिटला नाही तर तो प्रसंग पुन्हा पाहण्याची मागणी करता येते. घरून येऊन-जाऊन हे साधत नाही.

या अभ्यासाची पहिली शिस्त अशी की आपले मत काही काळ बाजूला ठेवावयाचे. काय दिसले, काय ऐकू आले आणि कोणत्या क्रमाने, एवढेच आधी लिहावयाचे. सांगायला सोपे, पण अंगवळणी पडायला अवघड. कारण आपल्याला मत देण्याची घाई असते.

प्रभातचाच ‘संत तुकाराम’ (1936) घेऊ. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाच्या आरंभी विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम डोळे मिटून, एका जागी बसून गातो. फारशी हालचाल नाही, हातवारे नाहीत. पुढे तेच पद आपल्याला सालोमालोच्या तोंडून ऐकू येते. आता देऊळ आहे, श्रोते आहेत, अंगविक्षेप आहेत, आणि पद आपलेच असल्याचा आव आहे. ‘हा भक्त आणि तो भोंदू’ असे कोणी सांगत नाही. शब्द तेच आहेत. बदलले आहे ते शरीर, आणि दोन प्रसंग शेजारी ठेवणारा संकलकाचा जोड. या चित्रपटाला ‘भक्तिपट’ असे लेबल लावून मोकळे होणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हाच जोड निसटतो.

ध्वनीचेही असेच. ‘पथेर पांचाली’ (1955) हा बहादूर सरांचा आवडता पाठ. परगावाहून परतलेला हरिहर दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयाच्या हाती देतो; मुलगी गेल्याचे त्याला ठाऊक नाही. सर्वजया आक्रोश करते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचे तीव्र सूर आहेत. ‘हृदयद्रावक प्रसंग’ असे लिहून आपण मोकळे झालो तर सत्यजित राय यांनी काय काढून घेतले व त्या जागी काय ठेवले, हा प्रश्नच उद्भवत नाही.

अशा चिरफाडीने आनंद नासतो, असा आक्षेप वर्गमित्र नेहमी घेतात. मला तो पटत नाही. ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला. त्या प्रेक्षकांना सालोमालो समजावून द्यावा लागला नाही. त्यांना ते न सांगता कसे समजले, एवढाच अभ्यासकाचा प्रश्न आहे. शिवाय ज्या साधनांनी आपल्याला रडवता येते त्याच साधनांनी एखाद्या माणसाविषयी किंवा जमातीविषयी मन कलुषितही करता येते. फोनवर येणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीतही सुरांची आणि जोडांची हीच करामत वापरते. तिला ओळखता येणे ही चैनीची बाब नव्हे.

पुण्याला जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चित्रपट थांबवून मागे नेण्याची सोय आता प्रत्येकाच्या खिशात आहे. तीन मिनिटांचा एक प्रसंग निवडावा. एकदा आवाज बंद करून पाहावा, एकदा पडद्याकडे न पाहता नुसता ऐकावा, आणि मग प्रत्येक दृश्य कोठे तुटते ते वहीत मांडावे. त्यानंतर उलट बाजूने एक प्रयोग करावा. आमच्या मोरव्याकडच्या मिठागरांवर लघुपट करावयाचा आहे असे समजा. पहिले दृश्य दुरून दिसणाऱ्या, उन्हात चमकणाऱ्या मिठाच्या राशींचे घ्याल, की खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या कामगाराच्या पावलांचे? आणि दोन्ही घ्यावयाची असतील, तर आधी कोणते?