गळकी डिझेल टाकी : ठिगळ नको, टाकी बदला

मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, कोणतेही बंदर घ्या. पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढल्या की इंजिन, पंखा आणि रंग यांवर पहिला खर्च होतो. डिझेलच्या टाकीकडे मात्र वास सुटेपर्यंत कोणी पाहत नाही. मग वेल्डरला बोलावून सांगितले जाते, "टाकी रिकामी केली आहे, दोन टाके मारून दे." नौकामालक आणि कारागीर बंधू, दोघांनीही येथेच थांबले पाहिजे.

डिझेल सहजासहजी पेटत नाही, हा समज उघड्या बादलीपुरता बरा आहे. रिकाम्या टाकीच्या पत्र्यावर, सांध्यांत आणि आतील आडव्या पत्र्यांमागे डिझेलचा थर राहतोच. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते, टाकीतील हवेत मिसळते आणि एका ठिणगीने टाकी फुटते. पेट्रोलची टाकी तर तापवावीही लागत नाही. टाकी धुतली, पाणी भरले, दोन दिवस उन्हात ठेवली, यांपैकी कशानेही खात्री देता येत नाही. असे काम नाकारणाऱ्या वेल्डरला भित्रा म्हणू नये. शिवाय एक भोक बुजवले तरी शेजारचा पत्रा तेवढाच खंगलेला असतो. त्यामुळे ठिगळाचे पैसे पुढच्या हंगामात पुन्हा मोजावे लागतात.

आधी गळती टाकीचीच आहे का, हे पाहावे. पुष्कळदा दोष भरणीच्या रबरी नळीत किंवा क्लिपमध्ये निघतो. टाकी पुसून कोरडी करावी, सांध्यांवर खडूची पूड लावावी. जेथे पूड भिजेल तेथे गळती.

टाकी काढण्यापूर्वी सर्व झाकणे उघडून हवा खेळती ठेवावी. वास दाट असेल तर विजेचे बटण दाबू नये, बिल्ज पंपही चालवू नये. हवा मोकळी झाल्यावरच बॅटरीची तार काढावी. डिझेल हातपंपाने पिंपात काढावे. तळाचे तेलमिश्रित पाणी बंदरात सोडू नये. जुन्या नौकांत टाकी बसवल्यावर डेक बांधलेला असतो, म्हणून डेक कापावा लागतो. तेथे ग्राइंडर किंवा गॅस चालवू नये, हातकरवतच वापरावी. वेळ लागेल, लागू द्यावा.

नव्या टाकीचे माप जुन्या टाकीवरून घ्यावे, पण ती झाकणातून आत जाईल का, हेही मोजावे. जात नसेल तर दोन लहान टाक्या बऱ्या. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा डिझेलला चालत नाही. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन फिल्टर चोंदतात. साधा लोखंडी पत्रा निदान 3 मिलिमीटर जाडीचा असावा. त्याला बाहेरून चांगला रंग द्यावा, आतून नाही. स्टेनलेस घ्यायचे तर 316 प्रतीचे घ्यावे, 304 ला खाऱ्या पाण्यात बारीक भोके पडतात. हवेची नळी डेकच्या वर, पाणी शिरणार नाही अशी वळवावी. इंजिनकडे जाणारी नळी तळापासून थोडी वर ठेवावी, म्हणजे खाली साचणारे पाणी इंजिनात जात नाही.

जुन्या टाक्या बहुधा खालूनच सडतात, कारण त्या ओल्या लाकडावर किंवा फोमवर टेकलेल्या असतात. नवी टाकी पाणी न शोषणाऱ्या पट्ट्यांवर बसवावी आणि खालून हवा जाईल अशी फट ठेवावी. ती हलता कामा नये.

टाकी बसवण्यापूर्वीच तपासावी. ती पाण्याने काठोकाठ भरून, भरणीच्या तोंडाला 2 मीटर उंचीची पारदर्शक नळी लावून तीही भरावी. नळीतील पाण्याची पातळी उतरली तर सांधा कच्चा आहे. याला कॉम्प्रेसर लागत नाही. तपासणीनंतर टाकी पूर्ण कोरडी करावी.

पहिल्यांदा टाकी अर्धीच भरावी, इंजिन तासभर चालवून सर्व जोड हाताने चाचपावेत आणि पहिल्या फेरीला जादा फिल्टर सोबत ठेवावा.