अनाथांच्या निधीचा कारभार

शास्त्रपाठ: एज्रा 8:21-34, 2 राजे 12:4-15, 2 करिंथ 8:16-21

निराधार मुलांसाठी दान देताना आपले अंतःकरण द्रवते. मात्र त्या दानाचा हिशेब विचारताना आपल्याला संकोच वाटतो. "देवाचे काम आहे, तेथे अविश्वास कशाला?" असे म्हटले जाते. या म्हणण्याला पवित्र शास्त्राचा आधार आहे काय, हे आज पाहू.

1. विश्वास आणि तराजू

एज्राने प्रवासासाठी राजाकडे सैन्य मागितले नाही. देव आपले रक्षण करील असे त्याने राजाला सांगितले होते. तरी त्याच एज्राने सोने-रुपे तोलून बारा प्रमुख याजकांच्या हाती दिले. यरुशलेमेत पोहोचल्यावर चौथ्या दिवशी ते पुन्हा तोलण्यात आले व सर्व वजन लिहून ठेवण्यात आले. ज्याच्या विश्वासाने सैन्य नाकारले, त्याने तराजू मात्र नाकारला नाही. याजक पवित्र होते, म्हणून तोलण्याची गरज नव्हती असे त्याला वाटले नाही.

2. गैरसमज करून घेतलेले वचन

योआश राजाच्या काळी मंदिराच्या कामावरील माणसांकडून हिशेब घेत नसत, कारण ती प्रामाणिक होती, या वचनाचा आधार पुष्कळदा घेतला जातो. पण अध्याय आरंभापासून वाचावा. याजकांच्या हाती पैसा असूनही राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झाली नव्हती. म्हणून पेटी ठेवण्यात आली, आणि राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसा मोजू लागले. मोजणी आधी झाली. भरवसा तिच्या पायावर उभा राहिला.

3. देवासमोर आणि माणसांसमोर

यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमलेली वर्गणी पौलाने एकट्याने नेली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू व आणखी एक पारखलेला सोबती होता. रक्कम मोठी होती, म्हणून दोष लागण्यास जागा राहू नये याची त्याने काळजी घेतली. देव जाणतो एवढेच त्याला पुरे वाटले नाही. माणसांनाही दिसले पाहिजे, असे तो मानतो.

लूक 16:2 मध्ये धनी कारभाऱ्याकडे हिशेब मागतो, तेथे मूळ ग्रीक शब्द 'लोगोस' आहे. योहानाच्या आरंभी याच शब्दाचे भाषांतर आपण 'शब्द' असे करतो. अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलतो हे खरे. तरी शब्द देणे आणि हिशेब देणे यांचे नाते ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

4. आपल्या इतिहासातून

1896-97 च्या दुष्काळात जबलपूर जिल्ह्यासह मध्यप्रांत होरपळला. पंडिता रमाबाईंनी त्या प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या, आणि केडगाव येथे मुक्तीचे काम वाढले. 1889 मध्ये सुरू झालेल्या शारदा सदनासाठी अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरवले होते. मुदत संपताना, 1898 मध्ये, बाई स्वतः अमेरिकेस गेल्या आणि देणाऱ्यांसमोर कामाचा वृत्तांत ठेवला.

याच सदनाच्या इतिहासात दुसराही धडा आहे. तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल असे ठरले होते. मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून वाद पेटला, आणि 1893 मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कोणाचे बरोबर, यावर आजही दुमत आहे. पण उत्तरदायित्व केवळ रुपयांचे नसते, दिलेल्या वचनाचेही असते, हे त्यातून दिसते.

5. आजची कसोटी

सप्टेंबर 2022 मध्ये एका ख्रिस्ती शिक्षणसंस्थेच्या पैशाच्या कथित गैरवापरावरून मध्य प्रदेशाच्या आर्थिक गुन्हे शाखेने जबलपुरात झडती घेतली. न्याय न्यायालय करील. आपण निवाडा करू नये. पण आपली वहीखाती कोणी उघडली तर काय दिसेल, हे प्रत्येक संस्थेने स्वतःस विचारावे.

कायदाही आता कडक झाला आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याने बालगृहांची नोंदणी सक्तीची केली. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. तथापि कायद्याच्या भीतीपेक्षा मोठे कारण आपल्याजवळ आहे. देणगीदार पावती मागू शकतो, सरकार अहवाल मागू शकते. परंतु ज्याच्या छायाचित्रावर निधी जमतो ते लेकरू काहीच मागू शकत नाही. आपल्या नावाने किती आले आणि आपल्या ताटात किती पडले, हे त्याला कळत नाही. शास्त्र देवाला पोरक्यांचा पिता म्हणते (स्तोत्र 68:5). तेव्हा त्याच्या वतीने हिशेब कोण मागणार, हे सांगावयास नको.

मननासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत दान मोजताना किमान दोन जण असतात काय?
2. मुलांच्या अन्नासाठी आलेला पैसा इमारतीकडे वळवला, तर देणाऱ्याची संमती घेतली जाते काय?
3. लेखापरीक्षकाचा अहवाल सभासदांसमोर वाचला जातो, की कपाटात राहतो?
4. हिशेब विचारणाऱ्या बंधुभगिनीस आपण विरोधक समजतो, की तीताचा सोबती?